रोगाचे जंतू मातीत, इतर जीवाणूंच्या गर्दीत कसे टिकतात?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या मे महिन्यात वावर भाजून निघतं, त्यात मातीत इतर जीवाणू अब्जांनी. मग रोगजंतू वाचतात कसे? मी ढोरांचा डॉक्टर, काटोल-सावनेरकडच्या गोठ्यांत वावरलेला, म्हणून उदाहरणं तिकडचीच देतो.

बहुतेक रोगजंतू मातीत फार टिकतच नाहीत. टायफॉइडचा जंतू आतड्यातल्या उबेला आणि आयत्या अन्नाला सरावलेला. मातीतले जुने रहिवासी त्याच्या वाट्याला अन्न उरू देत नाहीत, काही तर प्रतिजैविकं तयार करतात. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते अशाच एका मातीतल्या जीवाणूपासून. उरलेसुरले जंतू अमीबा गिळतो.

पण न्यूमोनिया करणाऱ्या लेजिओनेलासारखे काही जंतू अमीबाच्या पोटात पचत नाहीत, तिथेच वाढतात. आपल्या फुफ्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशींचं कामही असंच चालतं, त्यामुळे हा जंतू त्यांनाही पुरून उरतो.

धनुर्वात, फऱ्या (गुराढोरांचा रोग) आणि काळपुळीच्या (अँथ्रॅक्स) जंतूंची तऱ्हा निराळी. ते बीजाणू बनवतात: आतलं बरंचसं पाणी काढून टाकलेलं, भोवती जाड कवचं, खाणंपिणं बंद. जो खातच नाही त्याला उपाशी कोण मारणार? विदर्भातलं ऊन त्याला पुरत नाही. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये काळपुळीच्या जंतूंची चाचणी झाली. १९८६ मध्ये तिथली जमीन फॉर्मल्डिहाइडने धुवावी लागली, आणि बेट सुरक्षित जाहीर झालं १९९० मध्ये.

इथेच एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. जनावर अचानक मेलं आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर त्याला चिरू नका, कातडं काढू नका. काळपुळीच्या जंतूला बीजाणू बनवायला हवा लागते. शव बंद राहिलं तर कुजवणारे जीवाणूच त्याला काही दिवसांत आतल्या आत संपवतात. चिरलं, की तेच रक्त मातीत सांडून वावर वर्षानुवर्षं धोक्याचं होतं. आधी पशुवैद्यकाला बोलवा. शव जाळायचं की खोल पुरायचं ते तो बघेल.

फऱ्या बहुधा सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या, अंगाने भरलेल्या वासरांनाच गाठतो. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. आणि वावरात काम करताना तुम्हाला खोल जखम झाली, तर ती धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.