संगणक सल्ला : इंटेल घ्यावा की एएमडी?

‘इंटेल चांगला की एएमडी?’ (प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, बनवणाऱ्या या दोन कंपन्या) एवढ्या एका ओळीची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांना उत्तर देता येत नाही. काम कोणतं, सध्या घरात काय आहे आणि प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक काय, हे ज्यांनी कळवलं त्यांचे प्रश्न पुढे घेतले आहेत.

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. सोनीच्या कॅमेऱ्यावर फोरके, १०-बिट ४:२:२ मध्ये चित्रण असतं. रायझेन ७ ५७००एक्स (एएमडी), ३२ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असूनही प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर व्हिडिओ अडकत चालतो. दुकानदार म्हणतो, एडिटिंगला एएमडी चालतच नाही, सगळं मशीन बदला. खरं का? (नाशिक)

उत्तर : दुकानदाराचं निदान चुकलं आहे, पण तुमचा त्रास खरा आहे. ५७००एक्सचे आठ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) एडिटिंगला मुळीच कमी नाहीत. अडचण फाइलच्या प्रकारात आहे. ४:२:२ रंगांची (रंगांचा तपशील जास्त राखणारी) एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) फाइल उलगडायची सोय आरटीएक्स ३०६० मध्ये नाही, आणि ५७००एक्सला स्वतःचं ग्राफिक्सच नाही. त्यामुळे प्रत्येक फ्रेम कोअरनाच उलगडावी लागते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये (व्हिडिओ उलगडणाऱ्या त्या भागाचं नाव क्विक सिंक) ही सोय आहे. तुमच्या बाबतीत इंटेल सरस ठरतो तो नेमका एवढ्याच कारणाने.

आधी फुकटचा मार्ग करून पाहा. प्रीमिअरमध्ये क्लिप घेतानाच ‘क्रिएट प्रॉक्सीज’ निवडा, रात्री मशीन चालू ठेवा, सकाळी हलक्या फाइलवर एडिट करा. एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होतं. त्याला लागते ती डिस्कवरची जादा जागा. तेवढ्याने भागलं नाही तर आहे त्याच मशीनमध्ये आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड घाला. त्या मालिकेत ४:२:२ ची सोय आली आहे आणि मदरबोर्ड (‘बोर्ड’), रॅम, प्रोसेसर काहीच बदलावं लागत नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आहे आणि कार्डाला लागणारी जोडणी त्याला आहे का, तेवढं बघा.

पूर्ण नवीनच मशीन करायचं असेल तर इंटेलचा कोअर आय५-१४५०० बघा : ६ मोठे (ताकदवान) आणि ८ छोटे (कमी वीज खाणारे), असे १४ कोअर, सोबत यूएचडी ७७० ग्राफिक्स. इथे तीन ठिकाणी माणसं फसतात. ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतात. त्यात ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं. दुसरं, वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं की बरेच बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) ‘इंटर्नल ग्राफिक्स’ किंवा ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू करा आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही ग्राफिक्स दिसतात का ते तपासा. तिसरी गोष्ट कॅमेऱ्यातली. या पिढीचं क्विक सिंक ४:२:२ ची एचईव्हीसी फाइल उलगडतं, एच.२६४ (एचईव्हीसीआधीची जुनी पद्धत) ची नाही. सोनीत ‘एक्सएव्हीसी एस’ म्हणजे एच.२६४ आणि ‘एक्सएव्हीसी एचएस’ म्हणजे एचईव्हीसी. ‘एस’वर शूटिंग चालू ठेवलंत तर नव्या इंटेलवरही व्हिडिओ तसाच अडकेल.

प्रश्न : २०१९ मध्ये असेंबल केलेलं मशीन आहे : रायझेन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, जीटीएक्स १६६०. नवे गेम रखडतात. इंटेलकडे जावं का? (इचलकरंजी)

उत्तर : नको. डीडीआर४ वाला एलजीए१७०० (इंटेलचे प्रोसेसर बसतात तो) बोर्ड मिळतो, तुमची रॅम त्यात चालेलही. पण आय५-१२४०० आणि बोर्ड असे दोन्हींचे पैसे मोजून जो वेग मिळेल, साधारण तोच निव्वळ रायझेन ५ ५६०० बसवून मिळतो. तुमच्या बोर्डवरचा एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) याच कामासाठी जपायचा. ५६०० मध्ये ६ कोअर, ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आणि डब्यातच कूलर येतो. ५५०० आणखी स्वस्त दिसेल, पण त्यात कॅशे निम्मी, १६ एमबी, आहे आणि गेममध्ये ते जाणवतं. फक्त गेमसाठीच मशीन असेल आणि ५७००एक्स३डी रास्त भावात मिळाला तर तो घ्या : ८ कोअर, ९६ एमबी कॅशे. मात्र त्याला वेगळा कूलर घ्यावा लागेल, जुना छोटा पुरणार नाही. आणि फोरकेवर खेळत असाल तर आधी ग्राफिक्स कार्ड बदला. तिथे प्रोसेसर बदलून फारसं काही हाती लागत नाही.

आता बदलण्याची पद्धत. क्रम चुकला तर मशीन सुरूच होत नाही.

बायोस जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच अपडेट करायचा. विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ उघडून बोर्डचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती टिपून घ्या. त्याच मॉडेलच्या आणि त्याच रिव्हिजनच्या पानावर प्रोसेसरची यादी असते. ५६०० समोर कोणती आवृत्ती लिहिली आहे ती किंवा तिच्यापुढची घ्या. काही बोर्डांना आधी एक मधली आवृत्ती टाकावी लागते. तशी सूचना त्याच पानावर असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. फाइल एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर घेऊन बायोसमधल्याच फ्लॅश सोयीने टाका. मशीन यूपीएसवर ठेवा. मध्येच वीज गेली तर बोर्ड मुका होतो आणि मग चिप प्रोग्रॅम करून देणारा कारागीर शोधत फिरावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं साधन) चालू असेल तर आधी ‘सस्पेंड’ करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नवा प्रोसेसर बसवल्यावर बोर्ड एफटीपीएम (त्या कुलपाच्या किल्ल्या जपणारी प्रोसेसरमधली सोय) नव्याने सुरू करायचं का असं विचारतो; तिथे ‘वाय’ दाबलं की ती की लागू शकते.

दुसरा धोका कूलर काढताना. एएम४ प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि वरची सुकलेली पेस्ट कूलरला घट्ट धरून बसते. सरळ वर ओढलं की लॉक बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा गेम चालवून प्रोसेसर तापवा, मशीन बंद करून वायर काढा, मग स्क्रू सोडवून कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. नवी पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते.

प्रश्न : मुलीला इंजिनीअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. एकात रायझेन ५ ७५२०यू आहे, दुसऱ्यात आय५-१३३४यू. एएमडीवाला चार हजारांनी स्वस्त आहे आणि ‘७०००’ म्हणजे नवीनच ना? (लातूर)

उत्तर : या क्रमांकात पहिल्या ७ ला भुलू नका, तिसरा अंक बघा. ७ म्हणजे २०२३ ची मालिका; तिसऱ्या जागेवरचा २ सांगतो की आत झेन २ ही एएमडीची रचना आहे आणि ती २०१९ ची. कोअर चारच. आय५-१३३४यू मध्ये २ मोठे, ८ छोटे कोअर आहेत, तेव्हा या जोडीत चार हजार जास्त देऊन इंटेल घ्या. पण याच भावात रायझेन ५ ७५३०यू मिळाला तर पारडं समान होतं : झेन ३, सहाही कोअर मोठे. म्हणजे एका अंकाने निकाल बदलला. इंटेलनेही नावांचा गोंधळ काही कमी घातलेला नाही. ‘आय’ गाळून आलेला ‘कोअर ५ १२०यू’ आतून १३व्या पिढीचाच भाऊबंद आहे.

रॅम १६ जीबी आणि शक्यतो दोन पट्ट्यांत घ्या. एकच पट्टी असेल तर इंटेलमधलं अंगचं आयरिस एक्सई ग्राफिक्स मेमरीच्या निम्म्या रुंदीवर चालतं आणि विंडोजमध्ये नावही साधं ‘यूएचडी’ दिसतं. स्नॅपड्रॅगन (इंटेल-एएमडीहून वेगळ्या, एआरएम रचनेचा प्रोसेसर) असलेल्या लॅपटॉपची बॅटरी दिवसभर पुरते हे खरं, तरी इंजिनीअरिंगच्या मुलांना तो सुचवणार नाही. सॉलिडवर्क्ससारखी डिझाइनची सॉफ्टवेअर आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर एआरएमवर अडतात.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, खोलीत एसी नाही. रायझेन ७ ७७००एक्स ९५ अंशांवर जातो. इंटेल थंड राहील का? (अकोला)

उत्तर : नाही. ७७००एक्स ९५ अंशांपर्यंत जाईल अशीच त्याची आखणी आहे, तेवढ्याने तो जळत नाही. आय५-१४६००के पूर्ण भारावर १८१ वॉटपर्यंत जातो, ७७००एक्स १४२ पर्यंत. इंटेलकडे गेलात तर खोलीत उष्णता जास्तच येईल. बायोसमध्ये ‘इको मोड ६५ वॉट’ निवडा. मर्यादा ८८ वॉटवर येते, तापमान बरंच खाली उतरतं आणि वेग फक्त जड कामात, तोही थोडाच, घटतो. कॅबिनेटचा पुढचा पंखा हवा आत आणि मागचा बाहेर टाकतो ना, हे कागदाचा तुकडा धरून बघा. उलटा बसवलेला पंखा फार मशीनमध्ये सापडतो. एप्रिल-मे मध्ये धुळीची जाळी पंधरा दिवसांनी झाडा.

प्रश्न : ओळखीचा एक जण वापरलेला आय७-१३७००के निम्म्या भावात देतोय. घ्यावा का? (ठाणे)

उत्तर : डबा, पक्कं बिल आणि शिल्लक वॉरंटी असेल तरच. १३व्या-१४व्या पिढीतल्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते आतून झिजत होते. इंटेलने २०२४ मध्ये हे मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना, त्या बायोससोबत येतात) काढले आणि डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. नवा बायोस पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. झिजलेल्या चिपची लक्षणं फसवी असतात : गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडतो, मोठी झिप फाइल उलगडताना त्रुटी येते, ग्राफिक्स ड्रायव्हर अर्ध्यात थांबतो. पैसे देण्याआधी त्याच्याच मशीनवर मोठ्या फाइल झिप-अनझिप करून बघा. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकलेला असेल तर कंपनीची थेट वॉरंटी नसते, तो सौदा सोडा. १२व्या पिढीला हा दोष नाही.

एएमडीच्या गोटातून लगेच टाळ्या नकोत. २०२३ मध्ये रायझेन ७००० चे एक्स३डी प्रोसेसर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाला मिळणारं) वाढून सॉकेटसकट जळाले होते. नंतरच्या बायोसने ते १.३ व्होल्टवर बांधलं. वापरलेला एएम५ (रायझेन ७००० बसतो तो) बोर्ड घेताना बायोसची तारीख त्यासाठी बघायची.

प्रश्न : कर सल्लागाराचं कार्यालय आहे. टॅली, एक्सेल, ब्राउझर. पाच मशीन घ्यायची आहेत. (म्हापसा)

उत्तर : आय३-१२१००, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी. अंगचं ग्राफिक्स असल्याने वेगळं कार्ड लागत नाही. कोटेशनवर ‘१२१००एफ’ लिहून आलं तर परत पाठवा, नाहीतर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. रायझेन ५ ५६००जी जवळपास त्याच भावात मिळाला तर तोही चालेल, पण नुसता ५६०० नको, त्यात ग्राफिक्स नाही. उरलेल्या पैशांत प्रत्येक मशीनला यूपीएस घ्या. वीज गेल्यावर टॅलीचा डेटा बिघडतो तो कोणत्याही कंपनीच्या प्रोसेसरवर.