‘अँटी’ म्हणजे विरुद्ध की आधी?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. गरोदर बाईच्या तपासणीला ‘अँटिनेटल’ म्हणतात. माझी दहावीतली पोरगी विचारते, आई, अँटी म्हणजे तर विरुद्ध, मग हे कसं? काय सांगू?

उत्तर : ताई, पोरीला शाबासकी द्या. कानाला दोन्ही सारखेच लागतात, फरक स्पेलिंगात आहे. अँटिबायोटिकमधला ‘अँटी’ ग्रीक, त्याच्या शेवटी आय; अर्थ विरुद्ध. तुमच्या कार्डावरच्या अँटिनेटलमधला लॅटिन, त्याच्या शेवटी ई, अर्थ आधी. नेटल म्हणजे जन्माचं. म्हणजे बाळंतपणाआधीची तपासणी, जिची नोंदणी तुम्ही पहिल्या १२ आठवड्यांत करून घेता. घड्याळातलं ए.एम. आठवा, त्यातला ‘ए’ हाच : मध्यान्हाच्या आधी.

‘आधी’ याच अर्थाचा ‘प्री’ही लॅटिनच, आणि तो तर आपल्या वावरातच आहे. सोयाबीन पेरल्यावर, पण उगवायच्या आधी मारतात ते तणनाशक प्री-इमर्जन्स. कृषी केंद्रवाला ‘प्री’ एवढंच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. उगवून आल्यावर तेच मारलं तर उपयोग नाही, म्हणून हे अक्षर नीट वाचायला शिकवाच. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शनसुद्धा यातलंच : औषध देण्याआधी लिहिलेलं.

आधी किंवा पुढे सांगणारा ‘फोर’ मात्र अस्सल इंग्रजी. फोरकास्ट म्हणजे पावसाचा आधीच सांगितलेला अंदाज, फोरहेड म्हणजे डोक्याचा पुढचा भाग, कपाळ. फक्त चारच्या फोरमध्ये यू असतो, तेवढं तिला दाखवा.