पहिला रोल-प्लेइंग खेळ कोणता घ्यावा?

अरे, रोल-प्लेइंग म्हणजे प्रत्येकानं गोष्टीतलं एक पात्र व्हायचं आणि काय जमलं, काय फसलं ते फाशांनी ठरवायचं. त्यासाठी लगेच नियमांची जाडजूड पुस्तकं विकत घेऊ नकोस. तलवारी आणि जादूच्या जगातल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे मूलभूत नियम फुकट मिळतात. २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि ठरलेलं लक्ष्य गाठायचं. पण लढाई लागली की खेळ रेंगाळतो. ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या बैठकीत एका चकमकीत चहा दोनदा झाला. कॉल ऑफ क्थुलू (१९८१) या भयकथेच्या खेळात उलटं: पात्राचं कौशल्य ४५ असेल तर १ ते १०० आकडा देणाऱ्या फाशांवर ४५ किंवा त्याहून कमी पडायला हवेत. नवख्याला हे चटकन कळतं, शक्यता कागदावरच लिहिलेली असते ना! शिवाय तिथली माणसं पटकन मरतात, म्हणून खेळाडू पिस्तूल काढण्याआधी डोकं चालवतात. मला तेच जास्त भावतं. रविवारी ये, तयार पात्र देतो. फासे माझ्याकडे आहेत.