धातू तापवायची गॅसभट्टी बांधतोयस, तर आधी सिलिंडर आणि रेग्युलेटर

भट्टीच्या आकारावर नंतर बोलू. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर या कामाला लावू नकोस, ते नियमात बसत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घे. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर जेमतेम ३० मिलिबार दाब देतो. तेवढ्यावर व्हेंच्युरी बर्नर (गॅसच्या झोताने स्वतःच हवा आत ओढणारा बर्नर) पुरेशी हवा ओढत नाही. साधारण ५ ते १५ पीएसआय (दाबाचं एकक, पाउंड प्रति चौरस इंच) देणारा, कमीजास्त करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर लागतो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लाव. बुडबुडा दिसला की काम बंद.

भट्टीच्या आत २५ मिमी सिरॅमिक वूलचे (उष्णता अडवणाऱ्या लोकरीसारख्या तंतूंच्या गादीचे) दोन थर. पण ते उघडं ठेवू नकोस, हे हात जोडून सांगतो. त्याचे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. कापताना चांगला मास्क लाव, वरून रिफ्रॅक्टरी, म्हणजे आग सोसणाऱ्या सिमेंटचा लेप दे आणि तो सावकाश वाळव. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आगीजवळ नकोच, जस्ताचा धूर बाधतो.

पेटवताना आधी पेटता कागद आत, मग गॅस. उलट केलंस तर साठलेला गॅस एकदम भडकतो. तोंडातून लांब पिवळी ज्वाळा आली तर हवा कमी पडतेय. बर्नरची चोक, म्हणजे हवेची झडप, थोडी उघड. भट्टी कायम मोकळ्या जागेत, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तासाभराने सिलिंडरवर दव धरून दाब उतरला तर तो साध्या पाण्याच्या टबात ठेव. गरम पाणी अजिबात नको.