माळ्यावर बीटल्स सापडले, आता काय करू?

प्रश्न (नाशिक): मामांचं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या तबकड्या सापडल्या. बहुतेक नाट्यगीतं आणि भजनं, पण मधेच बीटल्स या इंग्लिश बँडच्या चार निघाल्या. जाड, जड, पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीचं लेबल, आणि त्यावर चक्क ७८ (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे) लिहिलंय. मामा तेव्हा कलकत्त्याला नोकरीला होते. ओळखीतला एक जण म्हणतो बीटल्सच्या काळात ७८ निघतच नव्हत्या, म्हणजे या डुप्लिकेट. रद्दीवाला ट्रंकेसकट न्यायला तयार आहे.

उत्तर: रद्दीवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तुमच्या ओळखीतले गृहस्थ अर्धे बरोबर आहेत, बीटल्सची पहिली रेकॉर्ड ऑक्टोबर १९६२ ची आणि तोवर इंग्लंड-अमेरिकेत ७८ चा धंदा जवळपास गुंडाळलेला होता, तिकडे कुणी मागितली तरी मिळाली नसती. पण आपल्याकडे गोष्ट वेगळी होती. कित्येक घरांत वीज नव्हती आणि गाणी वाजायची ती चावीच्या ग्रामोफोनवर, त्याला ७८ च लागायची, त्यामुळे कलकत्त्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीचा जो कारखाना होता तिथे लाखेच्या ७८ पुढेही कितीतरी वर्षं निघत राहिल्या आणि त्यात बीटल्सही निघाले. लाख तर आपलीच, छोटा नागपूरच्या जंगलातली! म्हणून आज इंग्लंड-अमेरिकेतले बीटल्सवेडे लोक या भारतीय ७८ शोधत फिरत असतात, कारण त्यांच्या देशात ही वस्तू झालीच नाही.

आता खरं काम. लेबलावर फ्लॅशशिवाय फोटो काढा, लेबलाभोवती जो मोकळा काळा पट्टा असतो (कलेक्टर त्याला डेड वॅक्स म्हणतात) त्यावर कोरलेले आकडे-अक्षरं भिंगातून वाचून वहीत लिहा. मग तडा बघा. बाजारात मडकं वाजवून घेतो ना आपण, तसंच. मधल्या भोकात बोट घालून तबकडी लटकवा आणि कडेला नखाने अगदी हलकी टिचकी मारा, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढा तडा असायची दाट शक्यता. खाली गादी असू द्या हां, लाखेची तबकडी पडली की खापऱ्याच होतात. आणि जुनं कागदी पाकीट फाटकं असलं तरी फेकू नका.

चारही एकदम विकायची घाई नको. आधी एकीचेच फोटो दोन-तीन जाणकारांना दाखवा, जो बघताबघता "किती घेणार?" विचारतो त्याला तर अजिबात सांगू नका.

प्रश्न (तेच नाशिककर, दुसऱ्या पत्रात): तबकड्यांवर पांढरी बुरशी आहे. यूट्यूबवर स्पिरिटने साफ करताना दाखवतात, करू का?

उत्तर: नको नको नको. व्हिडिओतल्या त्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या असणार. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सुतार फर्निचरला पॉलिश करतात ते स्पिरिटमध्ये लाखच विरघळवून की! हे मला माहीत असूनही वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका ७८ वर स्पिरिटचा बोळा फिरवला, म्हटलं एकदाच हलक्या हाताने. बोळ्यावर काजळासारखा काळा रंग आला, मला वाटलं वा काय मळ निघतोय, म्हणून अजून घासलं. वाळल्यावर बघतो तर बोळा फिरला तेवढा पट्टा पाटीसारखा भुरकट झालेला, आणि लावली तर त्या पट्ट्यात गाण्याच्या जागी नुसती खरखर. अजून ठेवलीये ती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, लगेच साध्या डिस्टिल्डने पुसा आणि सावलीत वाळवा. बुरशी झटकताना तोंडाला रुमाल बांधा.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे फ्ली मार्केटमध्ये एल्विस प्रेस्लीची 'सन' कंपनीची ४५ (मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी) मिळाली, लेबल पिवळं आणि रेकॉर्डसुद्धा सुंदर सोनेरी रंगाची. विकणारा म्हणाला ओरिजिनल १९५४. मी बातमीत वाचलं होतं की एल्विसची एक रेकॉर्ड तीन लाख डॉलरला गेली. लॉटरी लागली का हो?

उत्तर: लागली असती तर मीही खूश झालो असतो, पण त्या सोनेरी रंगानेच घात केला. एल्विसच्या सनवर पाचच सिंगल्स (बाजूला एकेक गाणं) निघाल्या, पहिली जुलै १९५४ मध्ये, नंबर २०९, आणि त्या सगळ्या काळ्या होत्या. रंगीत सन दिसली की समजायचं मागाहून कुणीतरी हौसेने नाहीतर फसवायला काढलीये.

खऱ्या ४५ चं लेबल पिवळं, त्यावर तपकिरी छपाई, आरवणारा कोंबडा आणि सूर्याचे किरण. मेम्फिसला काढलेल्या प्रतींच्या लेबलवर तीन गोल दाबखुणा असतात, तिरप्या उजेडात दिसतात आणि बोटालाही लागतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातल्या प्रतींवर त्या नसतात, तिथे डेड वॅक्समध्ये बारीक त्रिकोण कोरलेला असतो. अर्थात नक्कल करणारेही आता हुशार झालेत, तेव्हा खुणा दिसल्या म्हणून नाचायचं नाही, पण दोन्हीपैकी काहीच नसेल तर खिशात हात घालायचाच नाही.

तीन लाख डॉलरची बातमी खरी आहे, पण ती दुकानात विकलेली रेकॉर्ड नव्हतीच. १९५३ साली हा पोरगा मेम्फिसच्या स्टुडिओत स्वतःचे चारेक डॉलर देऊन गायला, त्याची एकच अ‍ॅसिटेट (स्टुडिओत जागेवरच कोरलेली) तबकडी निघाली, तीच २०१५ मध्ये लिलावात गेली. एकच प्रत! उलट १९५५ च्या शेवटी आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने एल्विसला सनकडून घेतलं, त्यानंतरच्या त्याच्या हिट रेकॉर्ड लाखांनी खपल्या, त्या आजही ढिगाने पडल्यात आणि भाव बेताचाच. गायक किती मोठा यावर किंमत ठरत नाही, तो मोठा व्हायच्या आधी किती प्रती निघाल्या त्यावर ठरते.

प्रश्न (पुणे): ऑनलाइन बीटल्सची पहिली एलपी (बऱ्याच गाण्यांची मोठी तबकडी) घेतोय, विकणारा 'फर्स्ट प्रेस (म्हणजे पहिली खेप), व्हेरी गुड कंडिशन' म्हणतो. लेबल काळं आणि पिवळं आहे.

उत्तर: मार्च १९६३ च्या पहिल्या प्रतींचं लेबल काळं आणि त्यावर सोनेरी अक्षरं. काळं-पिवळं त्याच वर्षी नंतर आलं, म्हणजे फर्स्ट प्रेस नाही. सोनेरी मिळाली तर गाण्यांखाली प्रकाशकाचं नाव बघा, डिक जेम्स असेल तर अगदी सुरुवातीची, नॉर्दर्न साँग्ज असेल तर जरा नंतरची. त्यात स्टीरिओ असेल तर मग बसून बोलू, मोनोपेक्षा ती फार कमी निघाली.

आणि 'व्हेरी गुड'ला भुलू नका. रेकॉर्डवाल्यांच्या भाषेत आधी मिंट (अगदी कोरी), मग निअर मिंट, व्हेरी गुड प्लस आणि त्याच्याही खाली व्हेरी गुड, म्हणजे खरखर, ओरखडे सगळं आलं, भाव निअर मिंटच्या पावपट धरतात. नुसतं 'गुड' म्हणजे तर भिंतीला लावायची. मुलगी बघताना "स्वभावाने चांगली आहे" म्हणायचे ना, तसलं ते गुड.

प्रश्न (जळगाव): जुन्या ७८ आणि एलपी एकाच प्लेअरवर वाजतील का? आणि आडव्या रचून ठेवल्या तर चालतं का?

उत्तर: प्लेअरवर ७८ चा स्पीड असला तरी सुई बदलावी लागते. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई, एलपीची एक मिलच्या आतली. बारीक सुई ७८ च्या खाचेत तळाशी घासत बसते आणि नुसता कचरा वाजवते. आजोबांच्या चावीच्या फोनोवर एलपी तर कधीच लावू नका, ती लोखंडी सुई आणि वजनदार साउंडबॉक्स एका फेरीत एलपीचं वाटोळं करतो. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, तिरक्या नाही. आणि जळगावचा मे महिना लक्षात घेता पश्चिमेच्या भिंतीचं कपाट सोडून कुठेही.