वास्तू अप्रतिम असली की ती बांधणाऱ्या मजुरांचे हाल माफ होतात का?

माझ्या मते नाही. 'ताजमहाल बघताना मजूर कुणाला आठवतात?' असं तुम्ही विचारलंय. कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट दंतकथाच आहे, ती सोडा. मला आठवतं ते कतार, कारण दोह्यात मी चार वर्षं साइट इंजिनीअर होतो.

कतारमधलं, 2022 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेलं अल जनूब स्टेडियम प्रसिद्ध वास्तुविशारद झाहा हदीद यांचं. शिडाच्या होड्यांवरून सुचलेलं छप्पर, 2019 मध्ये खुलं झालं, देखणं आहे यात वाद नाही. 2014 मध्ये कतारमधल्या मजुरांच्या मृत्यूंबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, हा सरकारचा विषय, वास्तुविशारदाचं ते काम नाही. खरं सांगायचं तर तेव्हा त्यांच्या स्टेडियमचं बांधकाम सुरूही झालं नव्हतं, आणि तिथेच मजूर मेले असं सुचवणाऱ्या समीक्षकाला पुढे माफी मागावी लागली. तरी ते उत्तर मला पटत नाही.

वास्तुविशारदाचा शब्द साइटवर किती चालतो ते मी पाहिलंय. आमच्याकडे दगडी लाद्यांची छटा मंजूर नमुन्यापेक्षा जराशी पिवळी निघाली, तर अख्खा कंटेनर परत गेला. कुणी हूं का चूं केलं नाही. त्याच साइटवर शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणाऱ्या, पोरांचा तीन महिन्यांचा पगार थकलेला, पासपोर्ट सबकॉन्ट्रॅक्टरच्या कपाटात. शौचालयात लघवीच्या रंगांचा तक्ता लावला होता: रंग गडद दिसला तर पाणी प्या. थंड पाण्याचा पिंप तळमजल्यावर आणि पोरं सातव्या मजल्यावर! निजामाबादचा एक जण बायकोचे दागिने गहाण टाकून, एजंटचे पैसे भरून आला होता. काम सोडून जाणार कुठे? कफाला पद्धतीत मालकाच्या परवानगीशिवाय नोकरीही बदलता येत नव्हती, देशही सोडता येत नव्हता.

त्या अटी कतारने 2018 ते 2020 दरम्यान बऱ्याच सैल केल्या, त्याही जगभर ओरड झाल्यावर. म्हणजे ओरडून उपयोग होतो, आणि मोठ्या नावाचं माणूस ओरडलं तर लवकर होतो.

लाद्या नाकारल्याच्या कागदावर माझी सही आहे. पगाराबद्दल मी वरच्यांना एक ईमेल पाठवला होता. उत्तर आलं नाही, मीही परत विचारलं नाही.