स्किल जास्त तर पगार जास्त, एवढंच असतं का? भेदभाव खरंच असतो का?

तुम्ही विचारलंय की सारखंच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात फरक कशामुळं, स्किलमुळं का कामाच्या त्रासामुळं, आणि भेदभाव खरंच असतो का नुसतं बोलतात. ते शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. असतो.

मी बेळगावात उद्यमबागच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, कोअर शॉपला आहे, बरीच वर्षं झाली. कास्टिंग आतनं पोकळ राहायला पाहिजे तिथं वाळूचा कोअर बसवतात, ते कोअर आम्ही बायका करतो. शेल कोअरची पेटी दोनशे डिग्रीच्या वर तापलेली असते, हात भाजतात, वाळू धरून ठेवणाऱ्या रेझिनचा धूर डोळ्यात जातो, आणि गॅस जायची वाट जरा बुजली की ओतताना ब्लो होल, म्हणजे गॅसचं भोक, पडून अख्खं कास्टिंग रिजेक्ट. एवढं असून आमची नावं मस्टरला हेल्परमधे. मधे एक पोरगं लागलं, आयटीआय झालेलं खरं ट्रेड वेल्डरचा, वाळूला कधी हात लावलेला नाही. सुपरवायझर म्हणाले मावशी जरा शिकवा तेला. शिकवलं. पेटी कधी उघडायची ते रंगावरनं कसं ओळखायचं, कडेची पत्ती कोअर न मोडता कशी घासायची, सगळं. पोरगं गुणाचं, तेच्यावर माझा राग नाही, पगाराच्या दिवशी तेनंच स्लिप दाखवली, मावशी माझा तुमच्यापेक्षा जास्त कसा म्हणून. तेला सेमीस्किल्डमधे धरलेलं. ऑफिसात विचारलं तर म्हणे तेला सर्टिफिकेट आहे, शिवाय पुढं तेला संसार करायचाय. मिस्टर गेल्यापासनं मी दोन पोरांचा संसारच करायलेय की, तो कुणाच्या स्लिपवर धरायचा?

स्किलमुळं फरक पडतोच, तेला माझी ना नाही. माझी आई निपाणीला बिड्या वळायची, हजाराचा रेट सगळ्या बायकांना सारखा, जिचा हात चालतो तिचे पैसे जास्त, तेच्यावर कुणी भांडत नव्हतं. भांडण व्हायचं ते छाटवरनं, कारण कुठली बिडी खराब ते ठरवणारा माणूस मालकाचा. आमच्याकडं तसंच आहे. किमान वेतनात अनस्किल्ड, सेमीस्किल्ड, स्किल्ड असे वर्ग असतात, सरकारी दर बाईला वेगळा आणि बाप्याला वेगळा नसतो, खरं कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते मस्टर लिहिणारा ठरवतो. पगार तिथं कापला जातो, आणि तो कागदावर भेदभाव म्हणून दिसतच नाही.

त्रासाच्या कामाला जास्त पैसे हे पण खरं. पोरगी बी.ए.ला आहे, ती सांगते अॅडम स्मिथनं १७७६ सालीच लिहून ठेवलंय की घाणीचं, धोक्याचं काम असेल तर मजुरी जास्त द्यायला लागते. भट्टीवरची माणसं चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओततात, त्यांना जास्त मिळालंच पाहिजे. मग खानापूरकडं भात लावणीला दिवसभर पाण्यात वाकून उभी राहणाऱ्या बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी का? तो त्रास त्रासात धरत नाहीत काय?

आमचे दाजी मोल्डर आहेत, वाळूचे साचे करतात, दर गणपतीला एकच म्हणणं, बाईचं काम दुय्यम, आणि एवढा बायकांना सारखा पगार दिला तर मालकाला परवडंल कसं. दाजी, १९७६ चा कायदा आहे, सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला बाईला कमी द्यायचं नाही, आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आलंय. आणि १९८७ ला सुप्रीम कोर्टानं स्टेनोग्राफर बाईंच्या केसमधे सरळ सांगितलंय की कंपनीला परवडत नाही हे कारण चालणार नाही. तुमच्या मोल्डमधे कोअरच बसला नाही तर तुम्ही ओतणार काय ते पण एकदा सांगा.

सगळ्या फाउंड्र्या अशा नाहीत हे पण लिहिते, माझी एक मैत्रीण दुसरीकडं आहे, तिथं सारखा देतात. आणि फटका नुसता बायकांनाच बसतो असं पण नाही, कॉन्ट्रॅक्टवरची बाहेरची पोरं भट्टीवर राबतात आणि पर्मनंट माणसापेक्षा कमी घेतात. त्यात गेटवरचा दराचा कागद कन्नडात आणि इंग्लिशमधे, आम्ही मराठी शाळेत शिकलेल्या, कन्नड बोलतो खरं वाचायला अडतं, म्हणून आपला वर्ग कुठला तेच बऱ्याच जणींना माहिती नसतं.

तुमच्या घरातलं कोण कामाला असेल तर पगाराचा आकडा नंतर, आधी स्लिपवर वर्ग काय लिहिलाय ते बघा. स्लिप देत नसतील तर मागा. वर्ग चुकीचा असेल तर एकटीनं ऑफिसात जाऊ नका, मी एकटी गेलेले म्हणून दोन मिनिटांत परत पाठवलं. चार-पाच जणी मिळून लेखी द्या, पोच घ्या, आणि तरी हललं नाही तर ती पोच घेऊन लेबर ऑफिसला जावा.